वाचक विचारतात : पणजोबांचे बिल्ले, चुलतआजोबांचं नाव

प्रश्न : पणजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते. ट्रंकेत त्यांचे चार बिल्ले सापडले, पार काळवंडले आहेत. पॉलिश करून फ्रेम करायचे आहेत. ते कुठे लढले हे त्यावरून कळेल का?

उत्तर : कळेल, पण पॉलिश अजिबात लावू नका. ब्रिटिश सैनिकांना या युद्धाची पदकं कोरी मिळाली. हिंदी फौजेच्या (ब्रिटिशकालीन भारतीय सैन्याच्या) पदकांवर मात्र नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. गोल पदकाच्या कडेवर आणि ताऱ्याच्या आकाराच्या पदकाच्या पाठीवर पाहा. अक्षरं उथळ असतात. पॉलिश दर वेळी धातूचा थोडा थर खरवडतं आणि कडेवरचा मजकूर आधी पुसट होतो. पुढचा सगळा शोध त्या नंबरावर चालतो, म्हणून तो जपायचा.

खोलीत अंधार करा, टॉर्च पदकाला जवळजवळ टेकवून आडवा धरा. खोलगट अक्षरांत सावली पडते. कड थोडी थोडी फिरवत फोटो काढा.

सहा टोकांच्या ताऱ्यावर मोहिमेचं नाव मधल्या वर्तुळात असतं. आफ्रिका स्टार जून १९४० ते मे १९४३ चा, इटली स्टार जून १९४३ ते मे १९४५ चा, बर्मा स्टार डिसेंबर १९४१ ते सप्टेंबर १९४५ चा. फितीवरून ठरवू नका. इटलीची फीत लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल असते, पण जुनी विरली की घरचे हाताला येईल ती लावतात. जुनी फीत धुऊ नका, रंग फुटतो.

फ्रेममध्ये गोंद, रबर किंवा लोकरीचं फेल्ट नको. रबर आणि लोकरीतल्या गंधकाने धातू आणखी काळा पडतो. पीव्हीसीच्या पिशवीत हिरवा गंज धरतो. पदकं सुती दोऱ्याने बांधा, फ्रेम उन्हापासून दूर लावा.

सेवेच्या नोंदीसाठी बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या अभिलेख कार्यालयाला लिहा. नंबर, पदकावर आहे तसंच नाव, वडिलांचं नाव, गाव-तालुका, भरतीचं अंदाजे साल द्या. सोबत कागदांची झेरॉक्सच जोडा.

प्रश्न : आजोबांचे थोरले भाऊ १९४४ मध्ये इटलीत युद्धात वारले. समाधी नाही. त्यांचं नाव कुठे असेल?

उत्तर : असण्याची शक्यता दाट आहे. हिंदू सैनिकांना अग्नी दिला जाई, म्हणून नावं स्मारकांवर कोरली गेली. इटलीत सांग्रो नदीकाठच्या युद्ध-स्मशानभूमीत आणि फोर्लीत अशी दहन-स्मारकं आहेत. अंत्यस्थान अज्ञात असलेल्यांची नावं कॅसिनो स्मारकावर आहेत. १० जुलै १९४४ च्या लढाईत धारातीर्थी पडलेल्या, व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या नाईक यशवंत घाडगे यांचंही नाव तिथेच आहे.

युद्धात पडलेल्यांच्या समाध्या आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची नोंदवही ऑनलाइन, मोफत आहे. आडनाव टाकून शोधलं की बहुतेकांची निराशा होते, कारण शिपायाचं नाव कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं. सावंतमधला व कधी 'व्ही' तर कधी 'डब्ल्यू', जाधवमधला ध कधी नुसता 'डी', आणि पुष्कळदा अख्खं नाव आडनावाच्या रकान्यात. त्यामुळे नाव रिकामं सोडा. भारतीय फौज, पलटण आणि मृत्यूचं साल निवडा, मग अधिक माहितीच्या रकान्यात गाव किंवा वडिलांचं नाव टाका. अनेक नोंदींत वडिलांचं, पत्नीचं आणि गावाचं नाव असतं. जिल्हा जुना धरा: रायगडऐवजी कुलाबा, सिंधुदुर्गऐवजी रत्नागिरी.

नोंदीत चूक असली तर पेन्शनचे कागद किंवा पदकाचा फोटो पाठवून दुरुस्ती मागता येते. युद्धातून सुखरूप परतून पुढे घरी वारलेल्यांची नावं मात्र तिथे नसतात; दुसऱ्या महायुद्धाची नोंदवही ३१ डिसेंबर १९४७ ला थांबते.

प्रश्न : गावात '१९१४–१९१९' चा दगड आहे, त्यावर नावं का नाहीत?

उत्तर : पहिल्या महायुद्धाच्या या दगडांवर फक्त गावातून किती जण युद्धाला गेले आणि त्यातले किती पडले एवढीच संख्या असते. नावं वरच्याच नोंदवहीत गावावरून शोधा, मृत्यूची तारीख ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंत धरा. मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराकच्या) नोंदी नक्की पाहा. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिथल्या कुत शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात होत्या, आणि एप्रिल १९१६ च्या शरणागतीनंतर कैदेतही पुष्कळ माणसं दगावली.