चवळीच्या फुलांचा गुंता

प्रश्न: कसबा बावड्यात घरामागच्या परड्यात चवळीचे वेल लावलेत. फुलं भरपूर येतात पण एकमेकांना चिकटून गुंता होतो आणि गळतात, ज्या चार शेंगा धरतात त्यांना भोक आणि भोकाशी ओला भुसा. रात्री ट्यूबलाइटजवळ तपकिरी पतंग पंख पसरून बसलेले असतात. शेजारचे काका म्हणतात जालीम औषध मारा. मारू का?
– एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर: ताई, नका मारू. चवळीची शेंग आज तोडली की उद्या पोरांच्या ताटात, तिच्यावर जालीम औषध कशाला? आणि मारून उपयोगही नाही, का ते सांगतो.

एक गुंता तोडून घ्या आणि कागदावर सावकाश उलगडा. आत रेशमासारखे धागे दिसतील, त्यात फिकट पांढरी अळी, प्रत्येक वळीवर काळसर ठिपके. हात लागला की वळवळत मागं सरकते. ही मारुका, शेंगा पोखरणारी ठिपक्यांची अळी, आणि ट्यूबलाइटजवळचे पतंग बहुतेक तिचेच, पुढच्या तपकिरी पंखावर काचेसारखे पांढरे डाग आहेत का बघा म्हणजे खात्री होईल. मादी कळ्या-फुलांवर अंडी घालते, अळी फुलात शिरून आतलं खाते, फुलं धाग्यानं बांधून घर करते आणि मग शेंगेत घुसते, म्हणजे तुम्ही वरून काहीही फवारा, ती आत सुरक्षितच असते आणि मरतात त्या बिचाऱ्या मधमाश्या.

म्हणून आधी हात चालवा. दोन-तीन दिवसाआड गुंते आणि भोकाच्या शेंगा तोडून साबणाच्या पाण्यात बुडवा, खाली पडलेली फुलं-पानंही झाडून काढा कारण कोष तिथंच करते. निंबोळी अर्क मात्र चालतो पण कळ्या दिसायला लागल्या की लगेच, गुंता झाल्यावर नाही. ५० ग्रॅम निंबोळी पावडर एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातनं गाळा, जरासा साबण घाला आणि संध्याकाळी फवारा. चवळीचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं, त्यामुळं संध्याकाळी मधमाश्या नसतात, आणि अळी एका फुलातनं दुसऱ्यात जायला बाहेर पडते ती रात्रीच.

परड्यात वाल, पावटा नाहीतर बांधाला तूर असेल तर तिथल्या कळ्याही आजच बघा, तिला तेही सगळं चालतं.