थोडक्यात हुकलेल्या हंगामानंतर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं. यंदाही संघ वरच्या गटात जाता जाता राहिला, पोरं खचली आहेत आणि कमिटीवाले अर्धा संघ बदला म्हणून मागे लागलेत. एवढ्यात कुणालाही काढू नकोस. आधी लिव्हरपूल या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबची 1954 ते 1962 ही वर्षं बघ. लोक या क्लबची गोष्ट 1964 च्या लीग विजेतेपदापासून सांगतात, पण तुझ्या कामाचं जे आहे ते त्याच्या आधीचं आहे.

1947 ला लीग जिंकलेला हा संघ 1954 मध्ये तळाला गेला आणि सेकंड डिव्हिजनमध्ये, म्हणजे खालच्या गटात, पडला. त्याच डिसेंबरात बर्मिंगहॅम सिटीने त्यांना 9-1 असं धुतलं. क्लबच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा पराभव. आणि जानेवारी संपायच्या आत हाच संघ एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेत, त्याच शहरातल्या एव्हर्टनच्या मैदानावर जाऊन 4-0 ने जिंकला, तेही एव्हर्टन वरच्या डिव्हिजनमध्ये असताना! एका निकालावरून पोरांची लायकी काढणाऱ्यांना हे जरूर ऐकव.

पुढचे सहा हंगाम असे: तिसरे, तिसरे, चौथे, चौथे, तिसरे, तिसरे. वर जायचे फक्त पहिले दोन संघ. 1957 मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टचे 54 गुण झाले, लिव्हरपूलचे 53. पुढच्या वर्षी दुसरा क्रमांक दोन गुणांनी हुकला. एखाद्या वर्षी नशिबाला बोल लावता येतो. सहा वर्षं तसंच होत असेल तर दुखणं आत कुठेतरी आहे, असंच धरून चालावं.

माझ्या मते त्यातलं एक दुखणं प्रेमापोटी आलेलं होतं. बिली लिडल हा स्कॉटिश विंगर इतका मोठा खेळाडू, की लोक क्लबला ‘लिडलपूल’ म्हणायचे. संघ खाली गेला तरी तो सोडून गेला नाही. असा माणूस लाभणं भाग्याचंच, पण एकटा माणूस ओझं ओढत राहिला की बाकीच्या उणिवा झाकल्या जातात. तुझ्या संघात असा कोण आहे, ते तुला माहीत आहे. तो नसताना संघ कसा खेळतो, ते सरावात बघून घे.

बिल शँकली डिसेंबर 1959 मध्ये मॅनेजर म्हणून आला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला वूस्टर सिटी या लीगबाहेरच्या संघाने लिव्हरपूलला कपमधून घालवलं होतं. शँकलीचा पहिला सामनाही संघ घरच्या मैदानावर 4-0 ने हरला. तरी बॉब पेझली, जो फेगन, रूबेन बेनेट या जुन्या प्रशिक्षक मंडळींना त्याने हात लावला नाही. हात घातला तो सरावाला. मेलवूडचं सरावाचं मैदान वाईट अवस्थेत होतं, ते त्याने दुरुस्त करवून घेतलं. खेळाडू ॲनफिल्डला, म्हणजे क्लबच्या घरच्या मैदानावर, कपडे बदलत, बसने मेलवूडला जात आणि सराव संपला की तशाच घामाने परत ॲनफिल्डला येत. आंघोळ तिथेच. तोवर अंग हळूहळू निवायचं. सरावात भर कमी खेळाडूंच्या छोट्या सामन्यांवर असायचा: पास दे, जागा घे, परत पास घे. यातलं तुझ्याकडे काय होऊ शकत नाही, सांग बरं?

नवे खेळाडू त्याने आणले, पण नेमके. 1961 मध्ये सेंटर फॉरवर्डला इयन सेंट जॉन आणि सेंटर हाफला रॉन येट्स. पुढच्याच हंगामात 62 गुणांनी पहिला नंबर. त्या वर्षी लीगमध्ये 41 गोल करणारा रॉजर हंट मात्र आधीच्या मॅनेजरच्या, फिल टेलरच्या काळातच संघात आला होता. रॉनी मोरन, जिमी मेलिया हेही जुनेच. टेलरचं नाव आज कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

जेरी बर्नचं तर ऐकच. 1957 मध्ये पहिल्याच सामन्यात त्याने स्वतःच्या गोलात चेंडू घातला होता. शँकली आला तेव्हा त्याचं नाव विकायच्या यादीत होतं. शँकलीने ते काढून घेतलं. 1965 च्या एफए कप फायनलला हाच बर्न सुरुवातीलाच कॉलरबोन मोडलेला असताना, जादा वेळेसकट शेवटपर्यंत खेळला आणि लिव्हरपूलने पहिल्यांदा तो कप जिंकला.

कमिटीची बैठक कधी आहे ते कळव. त्याआधी ज्यांना काढायचं म्हणताहेत त्यांची नावं आणि कोण कुठल्या जागी खेळतं, ते लिहून पाठव.

तुझा,
काका