थांबायचं की घ्यायचं?

प्रश्न : कापूस विकला का मोठा टीव्ही घ्याचा विचार हाय. एक डॉल्बी व्हिजनवाला, दुसरा एचडीआर१०+ वाला. दुकानदार म्हणते, दोघांचं भांडण मिटेपर्यंत थांबा. किती थांबू? (शेतकरी, दारव्हा तालुका)

उत्तर : दादा, थांबू नका. थांबण्यासारखं भांडण वेगळं असतं. २००६ साली ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी या सिनेमाच्या दोन डिस्क बाजारात आल्या. एका थरात ब्लू-रेवर २५ जीबी मावायचे, एचडी डीव्हीडीवर १५. एकीची डिस्क दुसरीच्या प्लेअरमध्ये चालायची नाही, खरी अडचण ती होती. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर या सिनेमा कंपनीने ब्लू-रेची बाजू धरली आणि पुढच्याच महिन्यात एचडी डीव्हीडीवाल्या तोशिबाने हात टेकले. एचडी डीव्हीडीचा प्लेअर घेतलेल्यांना नवे सिनेमे मिळेनासे झाले. तेव्हा जो थांबला, त्याचे पैसे वाचले.

तुमच्या टीव्हीचं तसं नाही. साधा एचडीआर१०, म्हणजे उजेड-अंधार ठळक दाखवायची मूळ पद्धत, दोन्ही टीव्हींना कळतो. सॅमसंगच्या टीव्हीत डॉल्बी व्हिजन नसतं, तरी सिनेमा दिसतोच. फरक पडतो तो उजेड-अंधाराच्या बारकाव्यात. नेटफ्लिक्सनेही २०२५ मध्ये एचडीआर१०+ सुरू केलं. आणि घरी फ्री डिशच लागत असेल, तर त्यावर या दोन्हींपैकी काहीच येत नाही. तेव्हा खोक्यावरचा शिक्का सोडा, दुकानात पडद्याचा उजेड डोळ्यांनी पाहा. गावात व्होल्टेज वर-खाली होत असेल, तर आधी चांगला स्टॅबिलायझर घ्या.

प्रश्न : बीटामॅक्सचं चित्र सरस होतं म्हणतात, मग ती हरली कशी? (विद्यार्थी, मूल, जि. चंद्रपूर)

उत्तर : वेळेमुळे. १९७५ मध्ये सोनीची बीटामॅक्स ही व्हिडिओ कॅसेट आली तेव्हा ती एक तासाची होती. पुढच्या वर्षी आलेल्या जेव्हीसी कंपनीच्या व्हीएचएस कॅसेटवर दोन तास मावायचे. शिवाय जेव्हीसीने व्हीएचएस इतर कंपन्यांनाही बनवू दिली. १९८८ मध्ये सोनीनेही व्हीएचएसचे व्हीसीआर काढले.

प्रश्न : आमच्या लग्नाची १९९१ ची व्हीएचएस कॅसेट पेटीत आहे. त्यात माझी आई आहे. कधीतरी चांगलं मशीन मिळेल म्हणून ठेवून दिली. (गृहिणी, आर्वी)

उत्तर : ताई, इथे मात्र एक दिवसही थांबू नका. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई. तिनेही २०१६ मध्ये काम बंद केलं. चालू मशीनं कमीच होत जाणार.

आधी कॅसेटच्या खिडकीतून रिळावर पांढरी भुकटी दिसते का, ते पाहा. दिसली तर ती बुरशी. कुणाच्याही व्हीसीआरमध्ये घालू नका, फीत वाचणारा हेड खराब होतो आणि फीतही तुटू शकते. अशी कॅसेट साफ करणाऱ्याकडेच द्या. उन्हात वाळवू नका. आपल्याकडच्या उन्हात फीत वाकडी होईल. पाठीवरची छोटी प्लास्टिकची पट्टी मोडून टाका, म्हणजे चुकून वर दुसरं रेकॉर्ड होणार नाही. कॉपी करणाऱ्याला सांगा, काहीही कापू नको, गाणी लावू नको. आईचा आवाज मूळ आहे तसाच हवा. एमपी४ फाइल घ्या. एक प्रत हार्ड डिस्कवर घरी, दुसरी माहेरी भावाकडे. आणि कॉपी झाली तरी कॅसेट फेकू नका.