'अगापे', 'प्रीती' आणि करिंथची भांडणं

प्रश्न असा आहे: ख्रिस्ती लग्नात 'प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे' हे वचन वाचतात. तिथली 'प्रीती' म्हणजे नवरा-बायकोचं प्रेम का? आणि मूळ ग्रीक 'अगापे' हा केवळ दैवी, निःस्वार्थ प्रेमासाठी राखून ठेवलेला शब्द आहे का?

दोन्हींचं उत्तर 'नाही' असं आहे.

दुसरा प्रश्न आधी घेऊ. 'एरोस म्हणजे शारीर, फिलिया म्हणजे मैत्रीचं, अगापे म्हणजे दैवी' ही वाटणी प्रवचनांत फार ऐकू येते, पण ग्रंथांत ती टिकत नाही. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात दाविदाचा मुलगा अम्नोन याला सावत्र बहीण तामार हिच्याबद्दल वाटलेल्या वासनेलाही 'अगापे'च म्हटलं आहे (२ शमुवेल १३:१५). योहानाच्या शुभवर्तमानात पिता पुत्रावर प्रीती करतो, हे सांगायला ३:३५ मध्ये 'अगापान' ('अगापे'चं क्रियापद) आणि ५:२० मध्ये 'फिलेइन' ('फिलिया'चं क्रियापद) आलं आहे. तेव्हा 'अगापे'चा अर्थ शोधायचा तर तो शब्द कुठे आणि कशासाठी वापरला, हेच पाहावं लागतं.

लग्नातलं ते वचन करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १३व्या अध्यायातलं आहे. प्रेषित पौलाने हे पत्र साधारण इ.स. ५३ ते ५५च्या सुमारास इफिसहून लिहिलं, ते ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीतल्या भांडणांमुळे. 'मी पौलाचा', 'मी अपुल्लोसाचा', 'मी केफाचा' (म्हणजे पेत्राचा) असे पुढाऱ्यांच्या नावांनी गट पडल्याची खबर ख्लोवे नावाच्या बाईच्या माणसांनी पौलाला दिली होती. बांधव एकमेकांना कोर्टात खेचत होते. प्रभुभोजनाला जमल्यावर कुणी उपाशी राहत होता, तर कुणी पिऊन तर्र होत होता.

आता १३:४-७ पाहा. ग्रीकमध्ये तिथे ओळीने १५ क्रियापदं आहेत. मराठी बायबलात त्यातल्या पहिल्या दोहोंची विशेषणं झाली, 'सहनशील', 'परोपकारी', आणि प्रीती एखाद्या सद्गुणाच्या वर्णनासारखी वाटू लागली. मुळात ती काहीतरी करते किंवा करायचं टाळते: धीर धरते, भलेपणाने वागते, फुगत नाही. या 'फुगणे'चं ग्रीक क्रियापद नव्या करारात ७ वेळा आहे आणि त्यातले ६ वापर याच पत्रातले आहेत (४:६, ४:१८, ४:१९, ५:२, ८:१, १३:४). म्हणजे १३व्या अध्यायात पौल करिंथकरांचेच दोष नकारार्थी क्रियापदं लावून मोजतो आहे. 'हेवा करत नाही' हेही तसंच. ३:३ मध्ये 'हेवा व कलह' म्हणून त्याने आधीच कान उपटले आहेत. 'स्वार्थ पाहत नाही' याचा धागा १०:२४शी जुळतो. 'अपकार स्मरत नाही' इथलं मूळ क्रियापद हिशेबाचं आहे, म्हणजे वाईटाची खात्यावर नोंद करत नाही. ही छटा मराठीत निसटली, याची खरंच हळहळ वाटते.

हेवा करण्याचं तेच क्रियापद आजूबाजूला, १२:३१ आणि १४:१ मध्ये, कृपादानांची (देवाने दिलेल्या आत्मिक देणग्यांची) ओढ धरण्याच्या चांगल्या अर्थाने येतं. मराठीत दोन्हीकडे एक शब्द चालणार नाही, त्यामुळे भाषांतरकाराला दोष देता येत नाही.

पुढे इ.स. ९६च्या सुमारास याच करिंथात मंडळीच्या काही वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना पदावरून दूर केलं गेलं आणि रोमच्या मंडळीने करिंथच्या मंडळीला पत्र लिहिलं, ते क्लेमेंटचं पहिलं पत्र म्हणून ओळखलं जातं. त्याच्या ४९व्या अध्यायात 'अगापेत फूट नाही, अगापे बंड करत नाही' असं आहे. 'बंड'साठी तिथे नगरातल्या दुफळीचा राजकीय शब्द योजला आहे. ५४व्या अध्यायात तर प्रीतीने भरलेल्या माणसाने काय म्हणावं तेही दिलं आहे: माझ्यामुळे तंटा होत असेल, तर मी निघून जातो.

म्हणून या लेखनापुरता 'अगापे'चा अर्थ 'एकत्र राहणाऱ्यांनी फूट पडू नये म्हणून एकमेकांशी वागायची रीत' असा करावा. लग्नात ते वचन वाचायला हरकत काहीच नाही. फक्त ते जोडप्यासाठी लिहिलेलं नाही.

मराठीत 'प्रीती' ठेवावं की 'प्रेम'? चर्चच्या वापरात 'प्रीती' रुळलेलं आहे आणि मला तेच योग्य वाटतं. इतर वाचकांसाठी लिहिताना 'प्रेम' बरं, कारण एरवी 'प्रीती' म्हटलं की शृंगारच आठवतो. यहूदाच्या पत्रात (१२) 'अगापे'चं अनेकवचन सहभोजनांसाठी येतं, तिथे 'प्रीतिभोजन' हा शब्द चपखल आहे. तो लिहिताना 'ति' ऱ्हस्व ठेवावी: सुटा शब्द 'प्रीती', पण समासात 'प्रीति-'.