शुगर आहे, लिंगाच्या ताठरतेसाठीची गोळी सुरक्षितपणे कशी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की वय 47, राहणार सोलापूर, सहा वर्षांपासून शुगर. मित्रानं दिलेली सिल्डेनाफिलची 100 ची गोळी मटणाच्या जेवणावर घेतली, अर्ध्या तासात काहीच झालं नाही, उलट रात्रभर डोकं ठणकलं. आता डोस वाढवू की गोळी बदलू, असा तुमचा प्रश्न आहे.

डोस वाढवायला जागाच नाही. 100 मिलिग्रॅम ही चोवीस तासांतली कमाल मात्रा, तुम्ही थेट टोकापासून सुरुवात केलीत. बहुतेकांना डॉक्टर 50 पासून सुरू करतात. वय 65 च्या पुढे असेल किंवा लिव्हर-किडनी कमजोर असेल, तर 25 पासून.

गोळी 'चालली नाही' याचं कारण मला तरी ताटातच दिसतं. तेलकट, चरबीच्या जेवणावर सिल्डेनाफिल घेतली की तिचा असर सुमारे एक तास मागे पडतो आणि थोडा कमीही होतो. तर्रीवाला रस्सा, वर दोन पेग, आणि अर्ध्या तासात निकाल हवा, हे जमायचं नाही. पोट हलकं असताना, साधारण एक तास आधी, पाण्यासोबत घ्यायची. असर चार तासांपर्यंत असतो. आणखी एक गोष्ट मेडिकलवाला सांगत नाही: ही गोळी इच्छा निर्माण करत नाही. मनात उत्तेजना आली की रक्तवाहिन्या सैल व्हायला मदत करते, एवढंच. गोळी खाऊन घड्याळाकडे बघत पडून राहिलं तर काही होत नाही. म्हणून एका रात्रीवरून निकाल लावू नका. योग्य रीतीनं सहा-आठ वेळा घेऊनही उपयोग झाला नाही, तरच ती लागू पडत नाही असं म्हणता येतं. शुगरवाल्यांमध्ये नसांवरही परिणाम झालेला असतो, त्यामुळे गुण थोडा कमी येतो हे मात्र खरं.

गोळी बदलायचीच तर टाडालाफिल ही याच कामाची दुसरी गोळी आहे, तिला जेवणाची आडकाठी नाही. 10 ची गोळी लागेल तेव्हा, असर 36 तासांपर्यंत; किंवा डॉक्टरांनी सांगितल्यास 2.5 ते 5 ची रोज एक. काहींची त्यानं पाठ-कंबर दुखते. या दोन्ही गोळ्या एकत्र कधीच नाहीत. 'डबल ॲक्शन' म्हणून डॅपॉक्सेटिन मिसळलेली स्ट्रिपही कुणाच्या सांगण्यावरून उचलू नका. ते शीघ्रपतनाचं औषध आहे, आणि त्यानं उभ्या उभ्या चक्कर येऊन माणूस पडू शकतो.

डोकं दुखणं, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं, ॲसिडिटी, थोडा वेळ निळसर दिसणं हे डोसाप्रमाणे कमी-जास्त होतं. 50 वर आलात की डोकेदुखीही बहुधा उतरेल.

आता धोक्याचं. ही गोळी एरवी बऱ्यापैकी सुरक्षित आहे. माणूस अडचणीत येतो तो डॉक्टरांपासून लपवलेल्या दुसऱ्या गोळीमुळे. छातीत दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट, नायट्रोग्लिसरीन, आयसोसॉर्बाइड, निकोरँडिल यांपैकी काहीही चालू असेल, तर सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल पूर्ण बंदच. दोन्ही मिळून बीपी इतकं पाडतात की जीव जाऊ शकतो. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन किंवा बीपीसाठी प्राझोसिन चालू असेल, तर सिल्डेनाफिल 25 पासून, तेही डॉक्टरांनी ठरवून. आणि नायट्यासाठी हल्ली सर्रास दिली जाणारी इट्राकोनाझोल! तिच्यामुळे सिल्डेनाफिल रक्तात जास्त साठते. त्वचारोगवाल्याची गोळी या डॉक्टरला कशाला सांगायची, असं वाटतं आणि तिथंच घोळ होतो. घरातल्या सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून घेऊन जा, नावं आठवत बसू नका.

जायचं कुठे? गुप्तरोगाच्या भिंतीवरच्या जाहिरातीकडे नाही. 'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या शक्तिवर्धक पुड्यांत सिल्डेनाफिलच मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत, आणि किती मिसळलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. शुगरसाठी ज्यांच्याकडे जाता त्याच एमडींना सांगा, किंवा यूरोलॉजिस्टना. खर्च परवडत नसेल तर सिव्हिलची ओपीडी आहे. लाज वाटत असेल तर कागदावर एक ओळ लिहून पुढे सरकवा. त्यांना हे नवीन नसतं.

ते एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), बीपी, कोलेस्टेरॉल आणि सकाळच्या वेळचं टेस्टोस्टेरॉन बघतील, बहुतेक ईसीजीही. याला कारण आहे. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक, म्हणून कचरा आधी तिथं अडतो. ताठरता जाणं ही हृदयविकाराची काही वर्षं आधी आलेली सूचना असू शकते. सिद्धेश्वर तलावाकाठी वीस मिनिटांत दीड किलोमीटर चालताना छाती भरून येत असेल, तर गोळीआधी हृदयाची तपासणी. गेल्या सहा महिन्यांत हार्ट अटॅक किंवा लकवा झाला असेल तरी आधी तेच. तंबाखू, मावा, बिडी चालू असेल तर ती रोज याच धमन्या आवळते. बीपीच्या काही गोळ्यांनीही ताठरता कमी होते, पण त्या मनानं बंद करू नका, बदलून मागा.

ताठरता चार तासांहून जास्त टिकली, किंवा एका डोळ्यानं अचानक दिसेनासं झालं, तर सकाळची वाट न बघता कॅज्युअल्टीत जा.

गोळी घेतल्यावर छातीत दुखलं, तर वडिलांच्या डब्यातली सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायची नाही. 108 ला फोन करा आणि पहिल्या वाक्यात सांगा, कोणती गोळी, किती वाजता घेतली. सिल्डेनाफिलनंतर निदान 24 तास आणि टाडालाफिलनंतर 48 तास नायट्रेट, म्हणजे सॉर्बिट्रेटसारखी औषधं, देत नाहीत. तुम्हाला बोलता आलं नाही तर दुसऱ्या कुणीतरी सांगायला हवं, म्हणून गोळीचं नाव बायकोला माहीत असू द्या.