संस्कृत घेऊन पुढे काय?

प्रश्न : मुलीला बी.ए.ला संस्कृत घ्यायचं आहे. आजच्या काळात त्याचा उपयोग होईल का? घरी तयारी कशी करून घ्यावी? – एक पालक, फोंडा

उत्तर : जरूर घेऊ द्या. गोव्याच्या कदंब राजांचे ताम्रपट संस्कृतात आहेत, पुढचे कागद मोडीत आणि पोर्तुगीजमध्ये. ही साधनं मुळातून वाचणारे तरुण आपल्याला हवेच आहेत. म्हणून संस्कृतसोबत मोडी शिकवाच, जमल्यास पोर्तुगीजही.

प्राध्यापकी करायची तर एम.ए. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. खुल्या गटाला एम.ए.ला किमान ५५ टक्के हवेत, हे आधीच ध्यानात ठेवा.

खरी अडचण वेगळीच असते. मुलं गाइडमधलं भाषांतर पाठ करतात. पास होतात, पण न पाहिलेला श्लोक समोर आला की अडतात. रोज चारच ओळी घ्याव्यात. आधी संधी सोडवायचे, मग क्रियापद शोधायचं, त्याचा कर्ता, मग कर्म. अन्वय, म्हणजे श्लोकातले शब्द साध्या वाक्याच्या क्रमाने, लिहून झाल्यावरच अर्थ. भाषांतर शेवटी उघडायचं, तेही चूक ताडून पाहायला. एका नामाची ८ विभक्त्या आणि ३ वचनं मिळून २४ रूपं होतात. ती नुसती घोकू नयेत, वाक्यात ओळखावीत.

मराठी येणाऱ्यांना एक फसगत हमखास होते. संस्कृतात ‘शिक्षा’ म्हणजे शिकणं, ‘राग’ म्हणजे रंग किंवा आसक्ती. असे शब्द वेगळ्या वहीत टिपून ठेवायला सांगा.