उलटी थांबेना, पाणी कसं पाजू?

प्रश्न : माझ्या दीड वर्षाच्या मुलीला कालपासून उलट्या होताहेत, आज पातळ जुलाबही सुरू झाले. पाणी पाजलं की लगेच उलटून पडतं. डॉक्टरांनी व्हायरल आहे म्हणून अँटिबायोटिक दिलं नाही. हे बरोबर आहे का?

उत्तर : अगदी बरोबर आहे. रोटाव्हायरस, नोरोव्हायरस अशा विषाणूंवर अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नाही. उलट जुलाब वाढू शकतात. तुम्हाला सांभाळायचंय ते तिच्या अंगातलं पाणी. तहानलेलं मूल वाटी हिसकावून घटाघटा पितं आणि क्षणात सगळं बाहेर काढतं. म्हणून वाटी बाजूला ठेवा. उलटीनंतर 10 मिनिटं थांबा, मग दर एक-दोन मिनिटांनी ओआरएसचा एकच छोटा चमचा. तुमचा हात भरून येईल, ती रडेल, तरी चमचाच. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक मुलांचं सलाइन या चमच्यानेच टळतं. पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच अख्खी पुडी विरघळवा. अंगावर पीत असेल तर पाजणं अजिबात थांबवू नका. जुलाब बंद करणारी मोठ्यांची गोळी मात्र कधीच नको. झिंकबद्दल डॉक्टरांना विचारा. दिलं तर जुलाब थांबल्यावरही ठरलेले 10 ते 14 दिवस पूर्ण करा.

रडताना डोळ्यांत पाणी नाही, सहा-आठ तास लघवी नाही, मूल मलूल पडलंय, शीमध्ये रक्त किंवा हिरवी उलटी दिसली, तर मध्यरात्र असली तरी दवाखाना गाठा.

आणि लंगोट बदलल्यावर हात साबणानेच धुवा. नोरोव्हायरस सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही.